तोंडं फिरवा, म्हणायचा तानाजी

जमलेल्या मंडळींनो, आयाबायांनो, पोरांनो. आन् सुमन, तानाजीची कारभारीण, तू बी ऐक.

मला माईकची सवय न्हाई. सरपंच म्हणले, आज्जी, दोन शब्द बोला. काय बोलू? माझ्या तोंडात एकच हाय. असं कसं? तानाजी गेला. असं कसं?

मी कुपवाडला लेकीकडं होते. तुमाला ठावंच हाय, मला पणती झालीय. एवढीशी हाय, पण जावळ बघाल तर काळंभोर, आन् मूठ अशी आवळती की बोट सोडवून घ्यावं लागतं. तिला मांडीवर घेऊन बसले होते आन् फोन आला. तानाजी फौजी गेला. मी म्हणलं, कुठला तानाजी? शिराळ्यात काय एक तानाजी हाय? दुसरा कुणीतरी असंल. आपला तानाजी कसा जाईल? मी निघाले तवा माझी पिशवी त्येनंच यष्टीत चढवली. खिडकीपाशी येऊन म्हणला, मावशे, पणतीचा फोटो धाडा, डब्यात टाकतो. ठणठणीत होता की. सकाळी उठला, च्या मागितला, आन् च्या येईस्तोवर गेला. असं कसं जातंय माणूस?

काल सांजच्याला मी परत आले. मला अजून त्यो आपल्या दारातल्या ओट्यावर बसल्यागत वाटतोय.

पावण्यांसाठी सांगते, डबा म्हंजे काय. तानाजीच्या कॉम्प्युटरात एक जागा होती, तिला आमी डबा म्हणायचो. आख्ख्या गल्लीचं फोटो त्यात. कुणाचं बारसं, कुणाचा पोरगा पलटणीत निघाला त्यो दिवस, कुणाची म्हातारी. आपापल्या घरी बसून मोबाईलवर बघायचं. सुमनच्या घरातनं तार न्हाई, काय न्हाई, आन् माझ्या घरात माझा मालक फेट्यात दिसायचा. मला लय नवल वाटायचं.

आन् पहिल्यांदा काय झालं तेबी सांगते, कारण त्येच्यातच तानाजी कळतो. आपल्याकडं नागपंचमीला कुणाच्या दाराला कडी नसती. कोण कुठनं येतं, कुणाच्या घरात जेवतं, इचारत न्हाई. मग तानाजीनं काय करावं? ओट्यावरच्या पाण्याच्या रांजणापाशी भिंतीवर गेरूनं लिवलं, पाणी घ्या, वायफाय घ्या. आन् खाली त्येचा शब्द, पासवर्ड म्हणत्यात त्यो. आमाला वाटलं, केवढा मोठा माणूस. कॉम्प्युटरबी असा, आख्खा उघडा. डबा उघडा, कपाट उघडं, माजघर उघडं. ज्येला फोटो टाकायचा त्येनं टाकावा.

पंचमी झाली, पावणं गेलं. सुमननं फोटो बघायला घेतलं तर एक उघडंना. इंग्रजीत कायतरी आलं. पैसं टाका, मग खोलून देतो, असं. कुणी केलं, ह्या ओट्यावर बसलेल्यांतलं का दुसरंच कोण, देवाला ठावं. तानाजीनं पैसं दिलं न्हाईत. पण त्येच्या आईचा आवाज होता त्यात, म्हातारी नातवाला हाका मारती असा. त्यो आवाज गेला त्यो गेलाच. एवढा फौजी गडी, रांजणाला टेकून बसला आन् म्हणला, मावशे, आई दुसऱ्यांदा गेली.

दुसऱ्या दिवशी भिंतीला चुना मारला. मग घरोघर फिरला. तुमच्या मोबाईलात काय हाय, द्या. माझ्या ट्रंकेतला फोटोबी नेला. पुन्यांदा डबा भरला.

पण आता पहारा बसवला. बिनतारी पलटणीत होता ना त्यो. सांगायचा, तिथं रात्री संत्री वरडतो, थम, कौन आता है, आन् त्या रातचा शब्द सांगितला तरच पाय पुढं टाकायचा. तसंच केलं. वायफायचं यंत्र आलं तवा त्यात जो शब्द घालून आला होता, त्यो पहिला बदलला. म्हणला, त्यो चोरांना पाठच असतो. पावण्यांना वायफाय निराळा दिला. ओट्यावरचा पावणा ओट्यावर, घरात न्हाई. कॉम्प्युटरात फक्त डबा खुला, बाकी बंद. डब्यातलं बघायचं समद्यांनी, पण टाकायचं-पुसायचं एकट्या तानाजीनं. काम झालं की डबा मिटायचा. नवं अपडेट आलं की आधी ते, मग जेवण. आन् समद्या डब्याची एक नक्कल निराळ्या डिस्कवर काढून, तार उपसून, तांदळाच्या पिपात. तिलाबी शब्दाचं कुलूप.

आन् शब्द दाबताना सगळ्यांना म्हणायचा, तोंडं फिरवा. सरपंच, तुमालाबी फिरवायला लावलं होतं. तुमी रुसला होता.

मी म्हणायचे, तानाजी, हे शिराळं हाय का सरहद्द? त्यो हसायचा. तोंड मातूर फिरवायला लावायचाच.

आता कामाचं बोलते. काल आले तर ओट्यावर ऐकलं, तानाजीचा पुतण्या उद्या कॉम्प्युटर आन् डिस्क सांगलीला नेणार हाय. तिथला माणूस म्हणला म्हणं, शब्द न्हाई तर समदं पुसून कोरं करून देतो. सुमन, तू व्हय म्हणलीस. तुझं काय चुकलं? तुला वाटलं, शब्द त्येच्याबरोबर गेला.

पण त्या डब्यात तानाजीचा आवाज हाय. पोरांना पलटणीच्या गोष्टी सांगायचा त्यो. तेवढाच उरलाय आता.

सुमन, शब्द गेला न्हाई. माझ्यापाशी हाय.

असं बघू नका माझ्याकडं. सुमन, तुला का न्हाई सांगितला, ते तुलाच ठावं. मागं तुला वायफायचा सांगितला तर तू कॅलेंडरवर लिवलास, आन् दूधवाला आठवडाभर ओट्यावरनं हलंना. तूच म्हणलीस, मला सांगू नका. हसलीस, बरं केलंस.

मी म्हणलं, तानाजी, मी पहिलीत शाळा सोडली, मला कशाला? त्यो म्हणला, "मावशे, तुमी लिवून ठेवणार न्हाई, आन् विसरणार न्हाई. मी नसलो तर सुमनच्या कानात सांगा." मी लय हरखले. घरी जाऊन रोज दळणासंगं घोळायचे. मला वाटलं, चेष्टा हाय. मी त्येच्या आधी जाणार की. ह्या वयात त्येनं मला मागं ठेवावं?

जन्मतारीख न्हाई ती. पोराबाळांची नावं न्हाईत, ती तर गल्लीला पाठ हायत. माझ्या म्हायेरचं, मेढ्याकडचं... न्हाई. थांबते. माईक चालू हाय, आन् तुमच्या हातात मोबाईल हायत. तानाजी वर कपाळाला हात लावंल.

सरपंच, ह्यो माईक बंद करा आता. पोरांनो, मोबाईल खिशात. समदे उभं ऱ्हावा. डोळं मिटा, तोंडं फिरवा. तानाजी म्हणायचा तशी. कुणी बोलू नका. तानाजीसाठी गप ऱ्हावा, जरा जास्तच वेळ ऱ्हावा, मला चालायला वेळ लागतो.

सुमन, कान इकडं कर.