आख्खीच काढा, मी म्हणलो

आमी मूळचे धर्मापुरीच्या शिवारातले, मेंढरंवाले. आज्या मेंढरामागं गेला, बाप गेला, मी बी तेच. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आन गंगथडीला, गोदावरीच्या काठी, उतरायचं, लोकाच्या रानात मेंढरं बसवायची, खत त्याला, ज्वारी आमाला, पाऊस लागायच्या आदी माघारी. आन काय सांगू तुमाला ताई, मेंढराला गळू झालं की चार बिऱ्हाडं मलाच बलवायची. मीच चिरायचो, पार मुळापस्तोर साफ करायचो, वाईच राहिलं की पुन्हा भरतंय म्हणून. त्याचाच माज व्हता मला.

सुभद्रा म्हंजी मपली बायको, तिच्या गळ्याला गाठ आली. सुई घालून तपासली तर थायरॉईडचा कॅन्सर निगाला. मोठ्या दवाखान्यात गेलतो, तिथल्या डॉक्टरीणबाई लई निवांत समजावून सांगायच्या. म्हणल्या गाठ बारकी हाय, एकाच बाजूला हाय, कुठं पसरलेली न्हाई, अर्धी ग्रंथी काढली तरी भागंल, मंग कदाचित गोळी बी लागायची न्हाई, पर तपासायला येत ऱ्हावं लागंल, आन पुन्हा काही निगालं तर दुसऱ्यांदा ऑपरेशन. आख्खी काढली तर जिंदगीभर रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, ती बंद करायची न्हाई. मंग सुभद्राकडं बघून म्हणल्या, मावशी, तुमाला काय वाटतं?

सुभद्रा पदर सावरून म्हणली, बाई, आमी आर्धं साल रानात, गोळी कुठून... तिचं पुरं बी होऊ दिलं न्हाई मी. म्हणलो, तिला काय कळतंय, आख्खीच काढा, मुळासकट. बाईंनी पुन्हा तिलाच इचारलं. ती खाली बघत म्हणली, ते म्हणतेत तसं करा. कागदावर अंगठा तेवढा तिचा.

ऑपरेशन चांगलं झालं, खोटं कावून बोलू. त्या साली दोन म्हैन्याच्या गोळ्या घेऊन निगालो. गंगथडीला एका पाटलाच्या रानात मेंढरं बसली आन गोळ्या सरल्या. सुभद्रानं दोनदा सांगितलं. मी म्हणलो आपण उठलो तर दुसऱ्याचा कळप बसंल, पुढल्या आठवड्यात जाऊ. आसं करता करता म्हैन्याच्या वर गेला. तिचं तोंड सुजलं, उनात बसून बी थंडी वाजायची, बसल्या जागी डोळा लागायचा. एका दुपारी ती कोकरापाशी बसल्या बसल्या झोपली आन कुत्र्यांनी दोन कोकरं नेली. मी पाटलाच्या माणसांदेखत तिला कामचोर म्हणलो, ऑपरेशनचं निमित्त करून झोपा काढती म्हणलो. ती उठून कोकरांभवतीची जाळी नीट बांधाया लागली.

दुसऱ्या दिशी ती चक्कर येऊन पडली. जिपीत घालून त्याच दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाई रागानं म्हणल्या, मावशी, गोळ्या कावून बंद केल्या? मी शेजारीच हुबा. आन सुभद्रा, जिला धड बोलवत नव्हतं, ती म्हणती कशी, मीच इसरले, बाई. लाज वाटती ताई सांगायला. तिनं मपली इज्जत राखली आन मी ती राखू दिली. आजवर मी बाईंना खरं सांगितलं न्हाई, तुमालाच पैल्यांदा सांगतोय.

आता ती बरी हाय, देवाची किरपा. ती घरीच ऱ्हाती, गोळी चुकत न्हाई, रानात मी आन भाऊच जातो. परवा तपासायला गेलतो. बाईंनी तिला इचारलं, कसं वाटतंय मावशी? तर सुभद्रा आदी मपल्या तोंडाकडं बघाया लागली, बोलू का म्हणून. मी मान खाली घातली. तवा ती बोलली.