हेरंबाचं गलबत

मंडळी, आज एकच प्रश्न. जे खपलं, ते टिकलं का? घाई नको! आधी ऐका.

मिरजेत हेरंब दामले म्हणून एक गृहस्थ होता. त्यानं एक खेळ केला – ‘गलबत’! चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं – कुणी तांडेल, कुणी खलाशी. वादळातून वाचलात की बुडालात, ते फासे ठरवणार! हसता काय? आम्हा कीर्तनकारांचा धंदा तरी वेगळा कुठे आहे? फक्त आम्ही फासे टाकत नाही!

पुण्याच्या प्रदर्शनात सगळे डबे दोन दिवसांत संपले. पेपरात फोटो! हेरंब हरखून गेला. वर्षभर राबून त्यानं दुसरा भाग काढला – नवी बेटं, नवे चाचे! आणि काय? कुत्रं विचारेना! दुकानदार म्हणाले, “दामले, लोकांचं मन भरलं. आता दुसरा खेळ काढा.” सगळं रद्दीत घालावं, असं त्याच्या मनात आलं. दोन्ही भाग मिळून चार वर्षांचं काम हो! वाईट वाटणार नाही?

त्याची बायको आश्लेषा शहाणी. म्हणाली, “रद्दीत घाला, पण आधी ज्यांनी घेतलाय त्यांना विचारून तर या.”

निघाला. पहिलं घर – डबा शोकेसमध्ये, वरचं प्लॅस्टिकही काढलेलं नाही! “फारच सुंदर काम हो, दामले! सवड झाली की खेळणारच.” दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी चहा मिळाला, पोहे मिळाले, कौतुक मिळालं – खेळलेला माणूस काही मिळाला नाही!

शेवटी विट्याला गेला. तिथल्या वाचनालयात मालन शिंगटे नावाच्या निवृत्त नर्सबाई दर रविवारी सकाळी डाव मांडायच्या. बघतो तर डब्याचे कोपरे फुटलेले, चिकटपट्टी लावलेली, आणि टेबलाभोवती बसायला जागा नाही! त्याचा ऊर भरून आला. मग त्यानं कान देऊन ऐकलं – आणि चेहरा उतरला. मालनताईंनी समुद्रच काढून टाकलेला! खलाशांचे झाले होते गलाईवाले – सोनं-चांदी गाळायला मद्रासकडं निघालेले!

“बाई, माझा समुद्र कुठाय?”

“दादा, हितं समुद्र कुणी बघितलाय?” मालनताई शांतपणे म्हणाल्या. “पर गलाईला परमुलखात गेलेला माणूस घराघरात हाय. तुमच्या समुद्रात खेळायला आम्ही तिघंच होतो बघा.”

हेरंबाला राग आला. खरंच आला! माझे नियम, माझी मेहनत... तेवढ्यात बाजूची सत्तरीची सरूबाई मुठीतले फासे खुळखुळवत म्हणाली, “आमचं मालक बारा वर्सं कोइमतूरला एकलं कसं राहिलं, ते मला हितं बसून कळतंय. लेक आता तिकडंच हाय. तिच्या मैतरणींस्नी बी खेळायचंय. एक डबा धाडता का?”

हेरंब खुर्ची ओढून बसला. हळूच म्हणाला, “समुद्र काढूनच धाडू का?”

“नको, राहू द्या,” सरूबाई म्हणाली. “त्यांचं त्या बघतील.”

मंडळी, रद्दीवाल्याकडं जायला निघालेला खेळ त्या दिवशी कोइमतूरच्या वाटेला लागला!

आता तुमच्याकडे वळतो. देव्हाऱ्यात पोथी आहे ना? लाल कापडात? दसऱ्याला फूल वाहता, धूळ झटकता – उघडली कधी होती? मला उत्तर नको. घरी जा, गाठ सोडा. अडखळत वाचा, सुनेला विचारा, नातीला अर्थ लावू दे, चुकू दे! इतकी वर्षं ती पोथी टिकली, ती कापडामुळं नाही हो!