उरलेल्या पट्टीवरची गाणी

सत्त्याऐंशी साली उल्हासनगरच्या कॅसेटच्या दुकानात चिंतामणी प्रधान गाण्यांची यादी घेऊन उभे होते. रांगेत त्यांच्या पुढे असलेल्या साहेबांनी आपली कॅसेट काउंटरवर आपटली.

"शेठ, बीटल्सची वीस गाजलेली गाणी लिहून दिली होती. शेवटी ही चार कुणी भरली?"

"साईं, हा आमचा रेकॉर्डिंगवाला, बुधाजी. जांभूळ गावचा. बोल रे," शेठ साहेबांना म्हणत बुधाजीकडे वळले.

"कॅशेटीत पट्टी उरली व्हती, शेठ."

"तर कोरी सोडायची. किती वेळा बोललो? इंग्लिश समजते तुला?"

"नाय. पन तबकडीच्या पाठच्या अंगाला चांगली गानी पडून र्‍हातात. कोन इचारत नाय त्यांना."

"माफी, साईं. आजच कामावरून काढतो याला."

"मग माझी कॅसेट कोण भरणार? महिनाभर घरात ती चारच वाजतायत. ती वीस पुसा."

"पुसू?"

"पुसा. बुधाजीराव, अशी आणखी किती आहेत?"

"दोन कॅशेटी भरतील."

"दोन्ही भरा."

शेठनी कोपऱ्यातलं स्टूल पुढे ओढलं.

"बुधाजीराव, उभे का? स्टूल घ्या. हां, पुढे कोण? प्रधानसाहेब, यादी?"

चिंतामणींनी यादी खिशात कोंबली.

"यादी आणलीच नाही. बुधाजीराव ठरवतील ते."