‘मो’ टाइप केल्यावर

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या सुताराला बोलायची काही सोय नव्हती, म्हणून तो शेजारच्या मायलेकांचं ऐकत होता. मुलगा आईच्या फोनमधले ईमेलचे जुने पत्ते साफ करत होता.

“हा गॅस शेगडीवाला? त्याचं दुकान बंद होऊन जमाना झाला.”

“काढ.”

“‘मोठ्या जाऊबाई’? म्हणजे काकू?”

“आधी त्यांनाच काढ! नुसतं ‘मो’ टाइप केलं की सगळ्यात वर येऊन बसतात. मी लिहायला गेले मोठ्या ताईला आणि मेल गेली जाऊबाईंना.”

“काय लिहिलं होतंस?”

“हेच, की जाऊबाई गायला लागल्या की बिजागरीला तेल घालावंसं वाटतं.”

सुताराला हसू फुटलं आणि कळ थेट कानात गेली.

“अगं आई! मग काकू काय म्हणाली?”

“तासाभरात उत्तर! ‘लग्न होऊन आले तेव्हापासून गातेय, खरं सांगणारी तू पहिलीच. रविवारी ये. गाणार नाही, नुसत्या गप्पा मारू.’”

“गेलीस?”

“गेले की. दिवे लागेपर्यंत बसलो. शेवटी मीच आग्रह करकरून गायला लावलं.”

“बरं, आता काढतो तिला. पुन्हा घोळ नको.”

“थांब रे! ताईनं माझ्या एका तरी मेलला उत्तर दिलंय का, बघ.”

“…एकालाही नाही.”

“मग जाऊबाई राहू देत वर.”

“आणि मावशीला काढू?”

“वेडा आहेस का? सख्खी बहीण आहे माझी. तिला खाली ढकल.”