दादाचे विमानाचे व्हिडिओ

हसू नका हां, माझी अक्कल किती ते मला ठाऊक आहे. दादा वारून वीस दिवस झाले होते. मोपाच्या विमानतळाशेजारच्या पठारावरून तो उतरणाऱ्या विमानांचे व्हिडिओ काढायचा आणि मागून ओरडायचा, "बघ बाबू, इलो आपलो!" त्याच्या फोनमधला एक मी नेटवर टाकला. दोन दिवसांनी फोन आला.

"गुप्तचर खात्यातून बोलतोय. विमानतळाचे व्हिडिओ कोण काढतं? उद्या फोन घेऊन पेडण्याच्या ऑफिसात ये."

शेजारचा बाळू म्हणाला, "मेलास! तेंका आमचा सगळा दिसता, मेसेजसुद्धा."

आता आईच्या दारात पोलीस नकोत, म्हणून टाकलेला आणि फोनमधले, सगळे व्हिडिओ पुसले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नुसतं नाव-गाव लिहून घेतलं. "जा आता. फोन दाखवायची गरज नाही."

मला रडूच फुटलं. "साहेब, लोकांचं सगळं तुमच्याकडे साठवलेलं असतं ना? माझ्या दादाचा आवाज तेवढा शोधून द्या."

"वेडा काय रे तू? आम्ही लोकांचं असलं काही ठेवत नाही."

तेव्हापासून देवाकडे एकच मागतो. तो माणूस खोटं बोललेला असू दे.