सोळाची गोडी

माहेर माझं निफाडकडचं, सासर पिंपळगावजवळ, म्हणजे द्राक्षातून उठले ती द्राक्षातच बसले. शाळा सातवी, पण पॅकहाऊसमध्ये मला मान हाय, कारण गोडी मोजायचं काम माझं. मण्याच्या रसाचा थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडं धरून आकडा वाचायचा. सोळा आला की माल परदेशी जायला पास. मोठे साहेब येतात, कडक इस्त्रीचे, तेपण मलाच विचारतात, मावशी, किती?

तर आमच्या ह्यांना साखर निघाली. हे टेम्पो चालवायचे. तीन महिन्यांनी लॅबला जायचं, उपाशी रक्त द्यायचं, मग खाऊन दोन तासांनी परत द्यायचं. अडीचशे-बिडीचशे यायची, दोन गोळ्या चालू होत्या.

मग मनीषा आली, आमची मुलगी, इंग्लंडला असते. बाळंतपणात तिला साखर निघाली तर तिथल्या दवाखान्यानं मशीन, सुया, पट्ट्या सगळं हातात दिलेलं, उरलेलं ती घेऊन आली. म्हणाली, आई, तिकडं लोक घरीच बघतात, तू पण दादांची रोज बघत जा. अन् गेली.

पहिल्याच सकाळी सोळा पॉइंट दोन. काय सांगू तुम्हाला, अडीचशेचा माणूस सोळावर! मी म्हटलं, अहो, तुम्ही तर एक्स्पोर्टला पास. मशीन देवाजवळ ठेवलं, शेजारणी बोटं पुढं करून बसायला लागल्या. जाऊबाईची आली पाच पॉइंट आठ, तर मी तिला म्हटलं, तू अजून आंबटच गं, तोडायला नाय आलीस. लय हसलो. नि ह्यांची एक गोळी मीच बंद केली. कोणाला विचारलं नाय.

पुढं ह्यांच्या तळपायाला मुंग्या यायला लागल्या. म्हणाले, लॅबला जाऊन येऊ का? मी म्हटलं, इंग्लंडच्या मशीनपेक्षा तुमची लॅब शहाणी काय? मनीषा दर रविवारी फोनवर विचारायची, आई, आकडा किती येतो? मी म्हणायची, चांगला येतो गं. एकदा जरी सोळा म्हटलं असतं तर पोर तिथनंच ओरडली असती.

चप्पल चावली, जखम झाली, ह्यांना कळलीच नाय. चिघळली तेव्हा नाशिकला नेलं, मशीन मी मिरवत नेलं. डॉक्टरीणबाईंनी उलटंपालटं करून बघितलं, म्हणाल्या, मावशी, तिकडचं माप वेगळं, आपल्या मापात आणायला ह्याला अठरानं गुणायचं. मी तिथंच कागदावर गुणलं. सोळा पॉइंट दोनचे दोनशे नव्वदच्या वर भरले.

ह्यांच्या पायाची दोन बोटं काढली. मनीषा म्हणते, तिकडं साखरेच्या माणसाला वर्षातून एकदा पाय दाखवायला बोलावतात.

आता हे ओट्यावर बसतात. येईल त्याला सांगतात, बागेत पायाला तार लागली. मनीषालापण तेच सांगितलं. ती म्हणते, आई, तू होतीस म्हणून दादा वाचले. तेव्हा जमीन फाटावी वाटतं. मी म्हटलं, तिला खरं सांगते, तर हे म्हणाले, येडी का तू, मशीन तिनं आणलेलं, तिला वाटंल आपल्यामुळं झालं.

पण तुम्ही माझं हे छापायला लिहून घेताय ना, तर लिहा. पोरगी मराठी वाचते. ती दर रविवारी आकडा विचारायची नि मीच सांगितला नाय, हे आधी लिहा, गोळीचं मग लिहा. देव तिला सुखात ठेवो. रागावली तर माझ्यावर रागावू दे.