दोन सीटांची गाडी

मंडळी, ऐका! मला सांगा — गाडी घेताना माणूस काय बघतो? आणि काय बघायचं राहून जातं?

जयसिंगपूरचा सुधन्वा मगदूम. त्याच्या मनात भरली छप्पर उघडणारी लाल गाडी! बायकोला, प्रणोतीला घेऊन बसला विचार करत. फायदे काय? वारं खात जायचं, बाणासारखी पळते, अख्खा बाजार वळून बघतो! तोटे? डोक्यावर ऊन, नाकात धूळ, गतिरोधक आला की पोट घासतं. आमच्या सायकलीला तर छप्परच नाही, पण कुणी वळून बघेल तर शपथ! हसताय? हसून घ्या आत्ताच.

गाडी आली. आईनं ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. आक्काताई तिचं नाव. पोरगा लहानपणी तापानं फणफणला तेव्हा ती डोंगरावरच्या देवीला नवस बोलली होती — 'ह्याच्या स्वतःच्या गाडीतनं येईन, तुझी ओटी भरीन.' ठेवणीतलं लुगडं नेसून, खण-नारळ घेऊन म्हातारी दारात आली. बघते तर — सीटा दोनच!

प्रणोती म्हणाली, "आई, तुम्ही जावा. मी थांबते."

"नको गं. नव्या गाडीतनं पहिल्यांदा जोडीनंच जावं. रीत हाय."

सुधन्वा म्हणाला, "आई, पुढच्या खेपेला तुला नक्की नेतो!"

रीत आईनं सांगितली, आणि लेकाला ती सोयीची वाटली! चैत्रात म्हणाला, ऊन फार. आषाढात म्हणाला, पाऊस फार. म्हातारी दर मंगळवारी विचारायची, "आज जायचं व्हय रं?" पुढं पुढं तिनं विचारणंच सोडलं. ओटीतला नारळ वाळून खुळखुळायला लागला. आणि श्रावणात आक्काताई गेली!

तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन सुधन्वा नरसोबावाडीला निघाला. कलश कुठं ठेवला? शेजारच्या सीटवर, वर पट्टा लावून. आता जागा होती, मंडळी!

वाटेत देवीच्या डोंगराचा फाटा आला. लेकानं ब्रेक दाबला. वळावं? पण सुतक! सुतकात देवळाची पायरी चढता येत नाही. फाट्यावर गाडी उभी करून तो आईला हाका मारत रडला, आणि सरळ पुढं गेला.

त्यानं ऊन मोजलं, धूळ मोजली. घरातली माणसं तेवढी मोजली नाहीत!

आज मी कीर्तनाचा शेवटचा गजर करणार नाही. उठा, घरी जा. तुमच्याही दारात कुणीतरी लुगडं नेसून बसलं असेल. त्यांना 'पुढच्या खेपेला' म्हणू नका. माझ्या आईला मीही तेच म्हणालो होतो, मंडळी.